नागपूर ते टोरंटो किती दूर अन् किती घंटे? विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या काढायची पद्धत

"पोट्टं कॅनडाले चाललं" हे गावात कळलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले, किती दूर हाये अन् किती घंटे लागते. मग मोबाईल निघतो. एक साईट सांगते साडेबारा हजार किलोमीटर, दुसरी सांगते पावणेचौदा हजार, तिकिटावर लिहिलं असतं सोळा तास, अन् घड्याळ पाहिलं तर दिल्लीहून रात्री अडीचला निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी आठला टोरंटोत उतरून राहिलं, म्हणजे साडेपाचच तास. त्यावर एखादे आबाजी बसल्याजागी म्हणतात, "मंग हे तं पुण्यापेक्षा जवळ हाये बावा."

गंमत अशी का यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे, एवढंच. मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म-तिकिटांचं दुकान चालवतो, तिथं हा हिशोब कागदावर मांडून द्यावा लागते म्हणून म्हटलं एकदा सविस्तरच लिहून टाकावं. उदाहरण नागपूर-टोरंटोचं घेतलं, पण कोणत्याही दोन विमानतळांसाठी पद्धत हीच.

पायरी १: शहर नाही, विमानतळ पक्कं करा

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाचा एनएजी, दिल्लीचा डीईएल, टोरंटोच्या पिअर्सन विमानतळाचा वायवायझेड. तिकीट पाहताना, अंतर काढताना, नाव टाकूच नका, कोड टाका. काऊन, तं नावं फसवतात. कॅनडात ओंटारियो प्रांतात एक लंडन आहे अन् तिकडंच पूर्वेला केप ब्रेटन बेटावर एक सिडनीसुद्धा आहे, आणि आपली बरीच पोरं त्या सिडनीच्या विद्यापीठात जातात. गुगलवर नुसतं "सिडनी" टाकलं तर ते तुम्हाला सरळ ऑस्ट्रेलियात नेऊन ठेवते, दिशाच उलटी.

दुसरं म्हणजे एका शहराला दोन-दोन, चार-चार विमानतळं असतात. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन. मुंबईचंही आता तसंच झालं, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर मधला टॅक्सीचा वेळ कोणतीच साईट तुमच्यासाठी मोजत नाही.

पायरी २: सरळ अंतर काढा

आपल्याच रस्त्याचं घ्या. नागपूर ते मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, तोही नागपूरच्या बाहेरून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत. अन् विमानाचं अंतर सुमारे ६८० किलोमीटर. शहरं तीच, वाटा तीन. साईटवर "फ्लाइट डिस्टन्स" म्हणून जे दिसते ते बहुतेक वेळा यातलं शेवटचं, म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरून जाणारी सगळ्यात छोटी वाट. विमान खरंच त्याच रेघेवरून जाईल असं नाही, ते पुढं पाहू.

आता ही वाट भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून काढायला जाल तर चुकेल. सपाट नकाशात वरचा, ध्रुवाकडचा भाग ताणलेला असतो. त्या नकाशात पाहिलं तर वाटते दिल्लीहून टोरंटोला जायचं म्हणजे पश्चिमेला तोंड करायचं, अरबस्तान, युरोप, मग अटलांटिक. जिल्हा परिषदेच्या शाळेत जो पृथ्वीगोल धूळ खात पडलेला असतो तो घ्या, एक दोरा घ्या, दिल्लीवर एक टोक अन् टोरंटोवर दुसरं टोक धरून ताणा. दोरा पश्चिमेला जातच नाही, सरळ वर उत्तरेला चढतो, रशिया पार करून आर्क्टिकमध्ये ७५ अंश उत्तरेपर्यंत जातो अन् मग पलीकडून कॅनडात उतरतो. मुलांना दाखवा एकदा, मोठ्यांचेही डोळे मोठे होतात. त्याच दोऱ्यानं अंतर पण निघते, विषुववृत्ताभोवती एक पूर्ण वेढा म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याच्या प्रमाणात तुमचा दोरा मोजा. शेपाचशे किलोमीटर इकडंतिकडं होईल, पण पद्धत बरोबर आहे.

मोबाईलवर करायचं तर गुगल मॅपमध्ये विमानतळावर बोट दाबून ठेवा, पिन पडली की खाली "अंतर मोजा" असा पर्याय सापडते, मग नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर नेऊन ठेवा. कॉम्प्युटरवर राइट क्लिक केलं की तोच पर्याय. हे अंतर गोलाईवरचंच असते, म्हणून तिथं रेघ वाकडी दिसली तर घाबरू नका.

अन् ज्याला स्वतः गणित करून पाहायचं आहे त्याच्यासाठी, मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा करा, साइन-कॉसची बटणं दिसतात, मोड डिग्रीवर ठेवा (रेडियनवर राहिलं तर उत्तर काहीच्या काही येते). दिल्ली विमानतळाचा अक्षांश २८.५७ उत्तर, रेखांश ७७.१० पूर्व. टोरंटोचा अक्षांश ४३.६८ उत्तर, रेखांश ७९.६३ पश्चिम. एक पूर्व अन् एक पश्चिम आहे म्हणून रेखांशांची बेरीज करायची, १५६.७३. दोन्ही पूर्व असते तर वजाबाकी केली असती. बेरीज १८० च्या वर गेली तर ३६० मधून वजा करा.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, येते ०.३३०. मग दोन्ही अक्षांशांचे कॉस आणि त्या १५६.७३ चा कॉस अशा तिघांचा गुणाकार करा, येते उणे ०.५८३. दोन्हींची बेरीज उणे ०.२५३. याचा उलटा कॉस (बटणावर cos⁻¹ लिहिलेलं असते) काढा, १०४.६६ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरून गुणलं की ११,६४० च्या आसपास. झालं. (विषुववृत्ताच्या खालचं शहर असेल, जसं मेलबर्न, तर त्याचा अक्षांश उणे टाकायचा, हे विसरू नका.)

तपासायला एक सोपी खूण सांगतो, पृथ्वीवर कोणत्याही दोन ठिकाणांमधली सगळ्यात छोटी वाट २०,००० किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही, अर्धा वेढाच तेवढा आहे. त्याच्या वर उत्तर आलं तर बटण चुकलं समजा. आणि युनिट पाहा. परदेशी साईटवर मैल असतात, त्यातही साधा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि विमानवाल्यांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. दिल्ली-टोरंटो कुणी ७,२३० सांगेल, कुणी ६,२८५ सांगेल, अंतर तेच.

पायरी ३: मधला थांबा कुठं, त्यानं किती फेरा पडते

नागपूरहून टोरंटोला थेट विमान नाही. वरच्याच पद्धतीनं नागपूर-टोरंटो सरळ काढलं तर सुमारे १२,४९० किलोमीटर येते. आता दिल्लीमार्गे पाहा. नागपूर-दिल्ली ८५५, दिल्ली-टोरंटो ११,६४०, बेरीज १२,४९५. म्हणजे फेरा जवळपास शून्य, काऊन का दिल्ली आपल्या वाटेतच लागते, नागपूरहून टोरंटोची सरळ रेघ जवळपास दिल्लीवरूनच वर जाते.

मुंबईमार्गे गेलात तर ६८० अधिक १२,४९०, म्हणजे सुमारे १३,१७०. दोहामार्गे तिकीट दाखवलं तर नागपूर-दोहा २,८४० अन् दोहा-टोरंटो १०,८८०, बेरीज १३,७२०. हे ते पावणेचौदा हजार. पण लगेच दोहाचं तिकीट बाद करू नका, बाराशे किलोमीटर म्हणजे हवेत दीडेक तासच, अन् मधला थांबा तीन तासांचा आहे का अकरा तासांचा यानं त्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडते. किलोमीटर पाहून तिकीट ठरवणारा माणूस मला तरी आजवर शहाणा वाटला नाही.

पायरी ४: किलोमीटरचे तास करा

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटरनं चालते. कच्चा हिशोब असा, अंतराला ८५० नं भागा अन् चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वरून टाका. दिल्ली-टोरंटो ११,६४० भागिले ८५०, येते १३.७, अधिक अर्धा, साधारण सव्वाचौदा तास. लक्षात घ्या, १३.७ म्हणजे तेरा तास सत्तर मिनिटं नव्हे, ०.७ ला ६० नं गुणा, ४२ मिनिटं. ही चूक चांगले शिकलेले लोकं करतात.

पण हे ८५० सगळ्या विमानांना लागू नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं, ते पंखेवालं एटीआर, त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. अमरावती-मुंबई सुमारे ५४० किलोमीटर अन् वेळ पावणेदोन तास. नागपूर मुंबईपासून त्याहून दीडशे किलोमीटर लांब, तरी जेट तेवढ्याच वेळात किंवा आधीच पोहोचवते.

आता तिकिटावर सव्वाचौदाऐवजी सोळा काऊन लिहिलं असते? तीन कारणं आहेत.

पहिलं, तिकिटावरचा वेळ हा चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनचा नसतो. विमान गेटवरून हललं तेव्हापासून तिकडच्या गेटवर लागेपर्यंतचा असतो. दिल्लीसारख्या ठिकाणी धावपट्टीच्या रांगेतच वीस-पंचवीस मिनिटं जातात. त्यात कंपन्या थोडा राखीव वेळ पण धरतात.

दुसरं कारण वारा, अन् हे लोकांना पटतच नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहते, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला. लंडन-न्यूयॉर्क अंतर जाता-येता सारखंच, सुमारे ५,५४० किलोमीटर, पण जाताना साधारण पावणेआठ-आठ तास अन् येताना पावणेसात-सात. हिवाळ्यात हा वारा अजून जोरात. याचं सगळ्यात भारी उदाहरण एअर इंडियाचं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर. त्यांचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटरची वाट. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं, अंतर वाढून १५,३०० झालं, पण वारा पाठीशी असल्यामुळं साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे लांबची वाट धरून जवळपास दोन तास वाचले. म्हणून अंतर कमी म्हणजे वेळ कमी असं डोक्यात पक्कं बसवू नका.

तिसरं, आकाश पण बंद होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केली ती जुलैत उघडली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी पुन्हा बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या काही विमानांना खालून वळसा घालावा लागला अन् युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. रशियाचं आकाश २०२२ पासून कॅनडा आणि युरोपच्या कंपन्यांना बंद आहे. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये एका कंपनीला वेगळा वेळ, दुसरीला वेगळा.

मग खरा वेळ कसा समजावा? तिकिटावरचा विमान नंबर घ्या, फ्लाइटरडार२४ वर टाका, मागच्या आठवड्यात ते विमान रोज किती वाजता निघालं अन् किती वाजता पोहोचलं ते दिसते. जाहिरातीपेक्षा, साईटच्या अंदाजापेक्षा, माझ्या वरच्या गणितापेक्षाही हे खरं.

पायरी ५: घड्याळाची भानगड

तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते अन् पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची. म्हणून दोन्ही सरळ वजा करायच्या नाहीत, आधी दोन्ही भारताच्या वेळेत आणायच्या. बस, इतकंच करायचं आहे, पण हेच कुणी करत नाही.

टोरंटो हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागं असते, उन्हाळ्यात साडेनऊ तास. ते लोकं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात अन् नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं आणतात. (मेलबर्न-सिडनीवाल्यांचं उलटं, तिकडं एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागं अन् ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढं, आपल्यापेक्षा कधी साडेचार तर कधी साडेपाच तास पुढं.)

समजा जानेवारीच्या ११ तारखेचं विमान आहे, दिल्लीहून रात्री २:३० ला निघते, टोरंटोत ११ तारखेलाच सकाळी ८ ला पोहोचते. सकाळच्या ८ मध्ये साडेदहा तास मिळवा, भारतात तेव्हा संध्याकाळचे ६:३० वाजलेले. आता वजा करा, २:३० ते संध्याकाळी ६:३०, सोळा तास. आबाजींचे साडेपाच इथं संपले.

याच्यातच एक खड्डा आहे. "११ तारीख, ०२:३०" म्हणजे १० तारखेची रात्र, जेवण झाल्यावरची. ११ ला दिवसभर पाहुण्यांचे पाय पडून, संध्याकाळी हार घालून घरून निघालं तर विमान केव्हाचंच गेलेलं असते. तिकिटावर ००:०० ते ०४:०० मधली वेळ दिसली की कागदावर मोठ्या अक्षरात आदल्या दिवसाची तारीख अन् वार लिहून भिंतीला चिकटवा.

पायरी ६: उलटं मोजत गावापर्यंत या

आता खरा प्रवास. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव धरा, नागपूर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. शेवटाकडून मागं यायचं. दिल्लीचं विमान रात्री २:३० ला, आंतरराष्ट्रीय म्हणून तीन तास आधी, म्हणजे ११:३० ला तयार. नागपूरचं विमान दिल्लीत ८:३० पर्यंत उतरलेलं हवं, काऊन का डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचा भरवसा नाही आणि टर्मिनल बदलावं लागलं तर टर्मिनल १ ते ३ हे पायी जायचं अंतर नाही, बसनं जा लागते. नागपूरहून उड्डाण मग ६:५० चं. दोन तास आधी विमानतळावर, थोडं हातचं राखून ४:३० धरा. एसटी, मधली गाडी बदल, रस्त्याचं काम, असे साडेपाच तास. म्हणजे १० तारखेला सकाळी ११ ला घर सोडा.

यवतमाळ-वर्ध्याकडून येणारी गाडी वर्धा रोडनंच नागपुरात शिरते अन् विमानतळ त्याच रोडला लागून आहे, मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशनच तिथं आहे. उगाच गणेशपेठच्या स्टँडपर्यंत जाऊन, ऑटोवाल्याशी घासाघीस करून उलटं यायची गरज नाही. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा.

पुढं टोरंटोत उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, विद्यार्थ्यांची कागदपत्रं, सामानाचा पट्टा, दोन तास धरा. तिथून खोलीवर दीड तास. भारताच्या घड्याळानं ११ तारखेचे रात्रीचे १० वाजले. सकाळी ११ ते दुसऱ्या दिवशी रात्री १०, एकूण ३५ तास, त्यात विमानात बसलेले साडेसतरा-अठरा. म्हणजे निम्मा प्रवास तर जमिनीवरच. टोरंटोच्या घड्याळात तेव्हा सकाळचे ११:३० असतात, तेव्हा नुसती घड्याळं वजा करणारा म्हणेल साडेचोवीस तासांत पोहोचला.

दोन तिकिटं वेगवेगळी काढायची का एकत्र, यावर माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं नागपूरपासून टोरंटोपर्यंत एकाच पीएनआरचं तिकीट काढावं, चार पैसे जास्त गेले तरी. पहिलं विमान उशिरा झालं तर पुढची सोय कंपनीला लावावी लागते, अन् बॅगही बहुतेक वेळा सरळ पुढं जाते. वेगवेगळी तिकिटं असली तर तुमचा उशीर हा तुमचाच प्रश्न, दिल्लीत बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करा. तसं करायचंच असेल तर मध्ये सहा तासांच्या खाली ठेवू नका.

येतानाचा हिशोब वेगळा मांडा, जातानाचा उलटा करून चालत नाही. फेब्रुवारीत टोरंटोहून ५ तारखेला रात्री १० ला निघालं, प्रवास साडेतेरा तासांचा. निघताना भारतात ६ तारखेचे सकाळचे ८:३० झालेले असतात, त्यात साडेतेरा मिळवले की ६ ला रात्री १० ला दिल्ली. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढं बारीक अक्षरात "+१" दिसते ते हेच. इमिग्रेशन आणि सामान होईस्तोवर मध्यरात्र, मग नागपूरचं विमान ७ तारखेच्या सकाळचं घ्यायचं, ६ च्या रात्रीचं नाही, आणि घरी न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला पण ७ तारीखच सांगायची.